नहरपारची आमराई

आमच्या घरी जेवताना मीठ एकदाच वाढलं जातं. आमराई दोनदा वाढली जाते, आणि पाहुणे असले तर आग्रहानं तिसऱ्यांदाही.

मी लग्न होऊन सबनिसांच्या घरात आले, त्या पहिल्याच दुपारी सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, मला विचारलं होतं, "तुमच्या पुण्याच्या घरामागे झाडं किती?" मी म्हटलं, "एक. कढीपत्त्याचं. तेही कुंडीत." अण्णा समाधानानं हसले, वरणभाताचा घास घेतला आणि त्यांनी आमराई सुरू केली. मला तेव्हा वाटलं, नव्या सुनेला घरची ओळख करून देतायत. पुढच्या रविवारी त्यांनी तीच ओळख पुन्हा करून दिली.

आमराई म्हणजे फरीदाबादच्या पुढे, कालव्यापलीकडे असलेली आमची कोठी आणि तिच्याभोवतीची बाग. 'आमची' हा शब्द अण्णांचा. त्यांचे वडील नानासाहेब ग्वाल्हेर दरबारच्या नोकरीतून केंद्र सरकारात आले आणि विलायतेला परत निघालेल्या कालव्यावरच्या एका इंग्रज इंजिनियरकडून त्यांनी ती विकत घेतली. लांबलचक व्हरांडा, दारांवर अर्धगोल रंगीत काचा, विहीर, आंब्याची नि पेरूची झाडं, आणि अंगणात माझ्या आजेसासूबाईंनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं तुळशीवृंदावन. आसपासचे लोक तिला 'मराठों की कोठी' म्हणायचे. हे सगळं खरं असावं. बागेच्या आकाराबद्दल मात्र मी शपथ घेणार नाही. माझ्या लग्नात ती बावीस बिघे होती, माझी लेक सृष्टी झाली तेव्हा तीस, आणि अण्णा रिटायर होऊन त्यांना वेळ मिळाल्यावर ती चाळीसवर गेली. हातातून गेलेली जमीन वाढत राहते, हे मी फक्त आमच्याच डायनिंग टेबलावर पाहिलंय.

गोष्टीचा शेवट मात्र कधी बदलला नाही. तो एका वाक्याचा होता. "आणि मग अहिल्येला साप चावला, आणि आमराई गेली."

हे वाक्य अण्णा उच्चारत तेव्हा अहिल्याआत्या बहुतेक वेळा समोरच बसलेल्या असत. त्या अण्णांच्या धाकट्या बहीण. लग्न केलं नाही, एका मंत्रालयात अंडर सेक्रेटरी होऊन निवृत्त झाल्या आणि मयूर विहारला आमच्याच सोसायटीत समोरच्या विंगमध्ये एकट्या राहतात. दर रविवारी आमच्याकडे जेवायला येतात. शाळकरी वयात त्या बागेत पेरू काढायला गेल्या आणि त्यांना नाग चावला. नानांनी जीपमध्ये घालून दिल्लीच्या इस्पितळात नेलं, त्या वाचल्या. पण कुटुंब कोठीवर परत गेलं नाही. नानांना सरोजिनी नगरला क्वार्टर मिळालं, तिथेच सगळे राहिले. रिकाम्या कोठीचं पुढे काय होणार ते झालं, आणि उरलेली जमीन सरकारजमा झाली. थोडक्यात, अहिल्येला साप चावला आणि आमराई गेली.

आत्या यावर एकच उत्तर देत. "मी त्याला पत्रिका पाठवून बोलावलं नव्हतं." मग त्या कोशिंबीर घेत, आणि गोष्ट पुढच्या रविवारपर्यंत मिटे. मला वाटायचं, आत्यांना काही वाटत नाही. बाई अशा की फोनवर 'घरी नाहीत म्हणून सांग' म्हटलं तरी सांगायच्या नाहीत. नोकरीत असताना एका जॉइंट सेक्रेटरीच्या तोंडावर त्याची चूक फाइलवर लिहून मोकळ्या झालेल्या. असल्या बाईला भावाच्या एका वाक्याचं काय होणार, असं मी धरून चालले होते. त्या वाक्यानंतर त्या कधीच दुसऱ्यांदा भात घेत नाहीत, हे लक्षात यायला मला फार वर्षं लागली.

गंमत अशी की मयूर विहारहून ती जागा गाडीनं तास-सव्वा तासावर होती, आणि या घरातून कुणीही ती बघायला गेलेलं नव्हतं. अण्णा म्हणायचे, "बघवणार नाही." आत्या म्हणायच्या, "बघायला आहे काय?" आम्ही दरवर्षी कुठे कुठे फिरून येत होतो, पण फरीदाबादला जायला कुणाला सवड नव्हती.

ती सवड महाराष्ट्र मंडळानं काढून दिली. मंडळाच्या स्मरणिकेत 'दिल्लीतील जुनी मराठी घरं' असं सदर निघणार होतं, आणि संपादक पद्माकर दिघे यांनी अण्णांकडे लेख मागितला, फोटोसह. लेख अण्णांचा तोंडपाठच होता. फोटो मात्र एकही नव्हता. तेव्हा जानेवारीतल्या एका शनिवारी, धुकं उठल्यावर, अण्णा, माझा नवरा श्रीपाद आणि मी निघालो. आत्या नाही म्हणाल्या. "मला तिथे बोलावणं असायचं कारण नाही," एवढंच.

कालव्यापलीकडच्या भागाला तिकडे सगळे नहरपार म्हणतात. अण्णांच्या गोष्टीत नहरपार म्हणजे मोर, सरसों आणि बैलगाडीची वाट. आमच्या समोर आले ते पंचवीस-तीस मजली टॉवर. एकाचं नाव इटलीतलं, दुसऱ्याचं स्पेनमधलं, आणि दोन्हींच्या गेटवर टँकरची रांग. मध्ये अडकून पडलेलं नंगला बागवान नावाचं जुनं गाव. गुगलला ते सापडत नव्हतं, पण पानवाल्याला सापडलं. श्रीपादनं विचारलं, "भैया, मराठों की कोठी?" तो म्हणाला, "कोठी तो ना है जी. बिटिया माई का थान है. सीधे जाओ, जहाँ सड़क का काम रुका पड़ा है."

सड़क खरंच एका जागी येऊन थांबली होती. रुंद, काळी, नवीकोरी, आणि मधोमध एका कडुनिंबाखाली ते थान, म्हणजे देवस्थान, एक चौकोनी बांधकाम. गेरूचे थरावर थर चढलेले, वर शेंदूर, भोवती काचेच्या बांगड्या, आणि कडुनिंबाच्या खालच्या फांद्यांना शेकडो लाल रिबिनी. केसांच्या. शाळेतल्या मुली दोन वेण्या घालून बांधतात त्या. समोर द्रोणात चार पेरू ठेवलेले.

मी त्या बांधकामाकडे बघितलं आणि अण्णांच्या आधी मला कळलं. चारी बाजूंना दिव्याचे कोनाडे, वर कमळासारखा काठ, मध्ये मातीनं भरलेला खळगा. आपल्याकडच्या कुठल्याही बाईला डोळे मिटून हात लावला तरी कळलं असतं. ते तुळशीवृंदावन होतं.

तिथे झाडलोट करणारी राजबाला नावाची साठीची बाई पुढे आली. तिनं आम्हाला पाणी दिलं आणि विचारायच्या आत सगळं सांगून टाकलं. इथे मराठ्यांची कोठी होती. साहेबाची एक बिटिया होती, दोन वेण्यांची, लाल रिबिनींची, सगळ्या गावातल्या पोरांना अक्षरं शिकवायची. एक दिवस पेरू तोडताना तिला नाग चावला. साहेबानं गाडीत घालून नेलं, पण उशीर झाला. "मर गई बिचारी. फिर साहब लोग लौट के ही ना आए. किस मुँह से आते? गाँव ने कहा, उसकी माँ जहाँ दीया जलाती थी, वहीं बिटिया का थान बना दो. तब से इस गाँव में साँप के काटे से कोई ना मरा."

श्रीपादला ठसका लागला. मी त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली.

अण्णा मात्र त्या रिबिनींकडे बघत होते. मग म्हणाले, "और कोठी?"

"कोठी तो गाँव खा गया, बाबूजी," राजबाला मोकळेपणानं म्हणाली. "आधी ईंटें हमारे ही घर में लगी हैं. आओ दिखाऊँ." तिच्या गोठ्याच्या दारावर अर्धगोल रंगीत काच होती. निळी, पिवळी, लाल. खाली दोन म्हशी रवंथ करत होत्या आणि एकीच्या पाठीवर निळा उजेड पडला होता. इतकी वर्षं ज्या काचांचं वर्णन मी ऐकलं, त्या पहिल्यांदा पाहिल्या त्या अशा. खरं सांगते, त्या फार सुंदर होत्या.

राजबालाला आम्ही कोण ते कळल्यावर तिनं अण्णांचे पायच धरले. कारण अडचण मोठी होती. रस्त्याच्या खात्याचे जेई, म्हणजे ज्युनियर इंजिनियर, येत्या गुरुवारी शेवटचं बघायला येणार होते. खरीच समाधी असेल तर रस्ता थोडा वळवायचा असं वरून ठरलं होतं. नुसता विटांचा चौथरा असेल तर तोडायचा. गावात तेव्हाचं कुणी उरलं नव्हतं. "आप तो सगे भाई हो. आप कह दोगे तो मान जाएँगे. बस इतना कह देना कि बिटिया मरी थी."

परतताना अण्णा मागच्या सीटवर अवघडून बसले होते. फोटो काढायचा राहूनच गेला.

रविवारी आत्यांना हे सांगायचं काम माझ्यावर आलं, कारण अण्णा अचानक वर्तमानपत्र वाचायला लागले आणि श्रीपादला गाडी धुवायची आठवण झाली. मी सांगितलं. आत्या ऐकत होत्या, हातातला घास हातातच.

"म्हणजे मी देवी आहे," त्या शेवटी म्हणाल्या.

"हो."

"आणि मेलेली आहे."

"त्याशिवाय देवी कशी होणार, आत्या?"

"विनया, मी दर नोव्हेंबरला बँकेत जाऊन जिवंत असल्याचा दाखला देते. बोटं मशीनवर उमटत नाहीत तर तो मुलगा पाच-पाच वेळा दाबून घेतो. आणि तिकडे लोक मला रिबिनी बांधतायत?" सृष्टी खुदकन हसली. आत्या हसल्या नाहीत. "आणि साप चावला की माझ्याकडे आणतात? औषध सोडून? माझ्या नावावर माणसं मारतायत यार ही लोकं!" आत्या 'यार' म्हणाल्या की समजायचं, पारा चढलाय.

अण्णांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "अहिल्या, वृंदावन आईनं बांधलंय. तेवढंच उरलंय. एक वाक्य बोलायचंय फक्त."

"मग खरं बोल. माझी बहीण जिवंत आहे, समोरच्या विंगमध्ये राहते, तिची पेन्शन चालू आहे."

"मग तोडतील ते."

"तोडू देत. खोट्यावर उभं राहण्यापेक्षा पडलेलं बरं. मी स्वतः येते गुरुवारी आणि बिल्कुल स्पष्ट सांगते."

अण्णांना राग आला. अण्णांना राग आला की त्यांच्याकडे वाक्य एकच. "एकदा तुझ्यापायी आमराई गेली. आता वृंदावनही घालव."

आत्यांनी हात धुतला आणि त्या समोरच्या विंगमध्ये निघून गेल्या. ताटात घास तसाच होता. मी आयुष्यात पहिल्यांदा अण्णांवर ओरडले, आणि मला त्याचं अजून वाईट वाटत नाही.

गुरुवारी आत्या बरोबर वेळेवर खाली उतरल्या. ठेवणीतली इरकल, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा, आणि बगलेत पर्स. पर्समध्ये काय होतं ते मला माहीत होतं. पेन्शनरचं ओळखपत्र, सरकारी शिक्क्यासह. गाडीत दोघं भावंडं मागे बसली, मध्ये पर्स. कालव्याचा पूल आला तेव्हा आत्या खिडकीकडे सरकल्या आणि अण्णांनी डोळे मिटून घेतले.

थानापाशी गावातले वीस-पंचवीस लोक जमले होते. जेई अजून यायचे होते. आत्या सरळ राजबालापाशी गेल्या आणि त्यांनी ऑफिसातल्या आवाजात चौकशी सुरू केली. "साँप काटता है तो आप लोग मरीज़ को यहाँ लाते हैं?"

राजबालानं कानाला हात लावले. "राम राम! यहाँ क्यूँ लावेंगे, अम्मा? सीधे अस्पताल. बिटिया तो देर में ही गई ना. जो ओझा-भगत के चक्कर में पड़े, उससे बिटिया रूठ जावे. यही तो नियम है थान का. पहले सुई लगवाओ, ठीक होके घर आओ, फिर रिबन बाँधो."

आयुष्यभर आत्या लोकांच्या अंधश्रद्धेवर बोलत आल्या होत्या, पण असला नियम घालणाऱ्या देवीशी काय भांडायचं ते त्यांना सुचेना. त्यातून ती देवी त्या स्वतः.

मग त्या वृंदावनापाशी गेल्या. गेरूच्या थरावरून त्यांनी बोट फिरवलं, एका कोपऱ्यात नखानं थोडं खरवडलं. आत पांढरा शिंपला दिसला. "आईनं काठाला शिंपले बसवले होते," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "मी धरून देत होते एकेक." त्यांनी खरवडलेली जागा पदरानं पुसली. मला वाटलं, आता बोलणार नाहीत. पण पर्स अजून हातात होती आणि तिची चेन उघडी होती.

जेई आले. तरुण, घाईत, हेल्मेट काखेत. "परिवार से कौन है?"

"मैं," अण्णा म्हणाले. "भाई हूँ."

"तो अंकल, बस ये बता दीजिए. आपकी बहन इसी जगह खत्म हुई थीं? समाधि उन्हीं की है?"

अण्णांनी आत्यांकडे बघितलं. चार पावलांवर, काळ्या चष्म्यात, त्या उभ्या होत्या. अण्णांना फक्त 'हाँ' म्हणायचं होतं, आणि घरी त्याच 'हाँ'साठी ते भांडले होते. पण जिवंत बहिणीसमोर ती मेली असं म्हणायला त्यांची जीभ उचलेना. त्यांनी दोनदा घसा खाकरला.

"वो सबसे होशियार थी घर में," ते म्हणाले. "मुझसे ज़्यादा. पिताजी कहते थे, ये लड़का होती तो कलेक्टर होती. मुझे बुरा लगता था."

"जी. मगर..."

"जीप निकली तो मैं पीछे भागा. नंगे पाँव. नहर के पुल तक. वहीं बैठा रहा. मुझे लगा, वो गई." अण्णांचा आवाज बदलला. ते आता जेईशी बोलत नव्हते. "बाद में पिताजी ने पूछा, चलो, वापस कोठी पर चलें? माँ तैयार थी. सब तैयार थे. मैंने कहा, नहीं. मैं नहीं जाऊँगा. जिस बाग ने मेरी बहन को काटा, उसमें मैं पाँव नहीं रखूँगा. खाना छोड़ दिया मैंने. मेरे कारण नहीं लौटे. लोग कहते हैं, बहन की वजह से बाग गई. मैं ही कहता हूँ. बाग उसकी वजह से नहीं गई जी. बाग तो मैंने छोड़ी. उसके सामने बाग क्या चीज़ थी?"

म्हाताऱ्या माणसाला असं रडताना मी पाहिलं नव्हतं. श्रीपाद पुढे झाला, पण अण्णांनी त्याला हातानं थांबवलं. राजबाला पदर तोंडाला लावून रडत होती. जेईनं हेल्मेट एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं. त्याला त्याचं उत्तर अजून मिळालेलं नव्हतं, पण पुन्हा विचारायची त्याची हिंमत होईना. म्हणून तो आत्यांकडे वळला. "माताजी, आप? आप उन्हें जानती थीं?"

आत्यांनी चष्मा काढला. डोळे कोरडे होते, पण नाकाचा शेंडा लाल झाला होता. त्यांनी पर्सची चेन हळूच ओढून बंद केली.

"थोड़ा-बहुत," त्या म्हणाल्या. "हाँ, वो लड़की यहीं मरी. मैंने अपनी आँखों से देखा है."

जन्मात पहिल्यांदा खोटं बोलली बाई, आणि बोलली ती असं, की मीसुद्धा क्षणभर त्या पोरीसाठी हळहळले.

जेईनं मान डोलावली आणि तो माणसांना बोलावून नव्या वळणाच्या खुणा कुठे करायच्या ते दाखवू लागला. रस्ता वळणार होता. गावानं जयजयकार केला. राजबालानं सगळ्यांच्या हातात लाल रिबिनी दिल्या. अण्णांनी आधी बांधली, मग वाकले आणि वृंदावनावर डोकं टेकवलं, थोरल्या भावानं धाकट्या बहिणीच्या समाधीवर. आत्या ते बघत होत्या. राजबाला त्यांनाही सोडेना. "अम्मा, तुम भी माथा टेक लो. बिटिया सबकी सुनती है." आत्या म्हणाल्या, "मेरी तो कभी नहीं सुनी." पण रिबीन त्यांनी बांधली. नीट, दुहेरी गाठीची, शाळेत बांधायच्या तशी.

गाडीत पर्स आत्यांच्या मांडीवर होती. कालव्याचा पूल मागे गेला तेव्हा त्या म्हणाल्या, "दादा, एवढं ऐकायला मला मरावं लागलं."

अण्णा खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "जिवंत होतीस तेव्हा कधी विचारलंस?"

श्रीपादनं गाडी कडेला घेतली, कारण आम्हाला दोघांना हसू आवरत नव्हतं, आणि मी तर रडतही होते. मागे दोघं शहाण्यासारखी गप्प बसली होती.

स्मरणिकेच्या कामासाठी पुढच्या रविवारी पद्माकर दिघे जेवायला आले. दिल्लीत नवेच बदलून आलेले, आमच्या घरची माणसंही त्यांना अजून नीटशी ठाऊक नव्हती. मी सोलकढी केली होती. अण्णांनी आमराई सुरू केली. व्हरांडा, विहीर, काचा. बाग त्या दिवशी पन्नास बिघ्यांची झाली. म्हशींचा उल्लेख आला नाही. हळूहळू गोष्ट शेवटापाशी आली, आणि मला आपोआप आत्यांच्या ताटाकडे बघावंसं वाटलं. सृष्टीचाही चमचा थांबला.

"एवढी मोठी इस्टेट," दिघ्यांनी वहीत टिपून घेता घेता विचारलं, "मग गेली कशी?"

अण्णांनी भातावर आमटी घेतली, कालवली. "गेली नाही," ते म्हणाले. "मी सोडली."

"का बरं?"

अण्णांच्या आधी आत्याच बोलल्या, अगदी सहज, ताटातलं लिंबू पिळत. "यांची एक धाकटी बहीण तिथे गेली. साप चावून."

"अरेरे," दिघे म्हणाले. "कशी होती हो?"

आत्यांनी लिंबू बाजूला ठेवलं आणि त्या भावाकडे बघत राहिल्या. आज उत्तर घेतल्याशिवाय त्या सोडणार नव्हत्या.

"फार गुणी होती," अण्णा मान खाली घालून म्हणाले. "फार."

"विनया," आत्यांनी ताट पुढे केलं, "मला अजून भात वाढ."